ट्रॅक्सच्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये एवढी खरखर का?

निशाचर_पुणे:
मंडळी, सध्या शिकागो हाऊसचं, म्हणजे शिकागोच्या क्लबांतून आलेल्या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं, वेड लागलंय. मित्राकडे ट्रॅक्स रेकॉर्ड्स या शिकागोच्या लेबलची (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची) मार्शल जेफरसनची 'मूव्ह युवर बॉडी' ऐकली, १९८६ ची ओरिजिनल. पियानो सुरू झाला आणि अंगावर काटाच आला, पण पहिल्यापासून नुसती खरखर, रेकॉर्डवर ओरखडा तर एक दिसत नाही, सुईपण बदलून बघितली. एवढ्या नावाजलेल्या लेबलचा माल असा कसा? आणि हे लेबल सुरू कसं झालं?

तबकडीवाला:
सुईचा दोष नाही, माल तसाच निघायचा. लॅरी शर्मनचा शिकागोत रेकॉर्ड छापायचा कारखाना होता. १९८४ ला जेसी सॉन्डर्स आणि व्हिन्स लॉरेन्सची 'ऑन अँड ऑन' तिथल्या पोरांमध्ये तुफान चालली, यात पैसा आहे हे शर्मनने ओळखलं आणि त्याच सुमारास ट्रॅक्स उभं राहिलं. आता कारखाना घरचाच, मग खर्च वाचवायला जुन्या रेकॉर्ड वितळवून त्याच्याच नव्या काढायच्या, खरखर तिथून आली. पण एक लक्षात घे, जेफरसन तेव्हा पोस्टात नोकरी करणारा माणूस, अशांची गाणी छापणारे तेव्हा होते तरी किती!

मीनाक्षी_एच:
छापली हे खरंय, पण पुढचंही सांगा ना. कारखाना, लेबल सगळं एकाच्याच हातात, मग किती कॉपी निघाल्या हे गाणं करणाऱ्याला कळणार कसं? हाऊस संगीतकार लॅरी हर्डची 'कॅन यू फील इट' १९८६ ला ट्रॅक्सवर आली, जगभर वाजली, आणि रॉयल्टी मिळाली नाही म्हणून हर्ड आणि त्याच्यासोबत गाणारा रॉबर्ट ओवेन्स यांना २०२० ला कोर्टात जावं लागलं. २०२२ ला तडजोड झाली तेव्हा कुठे गाण्यांचे हक्क परत हातात आले. मला याचा अजून राग येतो.

खार_लोकल:
ट्रॅक्सचं नाव निघालं आणि 'ॲसिड ट्रॅक्स' नाही? फ्यूचर या ग्रुपचं, १९८७. टीबी-३०३ हे रोलँडचं बेस वाजवायचं छोटं मशीन, बाजारात पडलेलं, सेकंडहँड स्वस्तात मिळायचं. त्याची बटणं ग्रुपमधला डीजे पिएर वाजता वाजता पिळत राहिला आणि तो च्यांव च्यांव आवाज निघाला. शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबात डीजे रॉन हार्डीने त्या गाण्याची टेप लावली तर फ्लोअर रिकामा, पठ्ठ्याने त्याच रात्री परत परत लावली, चौथ्यांदा लोक वेडे झाले. आणि आपल्या मुंबईत चरणजित सिंगांनी १९८२ लाच हेच मशीन घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवून ठेवले होते. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण लागोपाठ ऐकून बघाच.

निशाचर_पुणे:
रात्रीचा कार्यक्रम ठरला! मीनाक्षी, हर्डचं विकत घ्यायचं तर काय घेऊ?

मीनाक्षी_एच:
त्याचं स्वतःचं लेबल आहे, ॲलेव्हिएटेड. 'मिस्टरी ऑफ लव्ह' पासून सुरू कर, १९८५ ला ती त्यावरच आली होती.