वाचनालयाचे चार जुने कॉम्प्युटर, लिनक्स टाकावं का?

रविवारकर

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, 'ब' वर्ग, साधारण अठरा हजार पुस्तकं. मी पुण्यात असतो, महिन्यातून दोनदा घरी जातो, आणि कार्यकारिणीचा ठाम समज आहे की मी 'कॉम्प्युटरमधला' आहे (मी अकाउंट्समध्ये आहे), त्यामुळे जे काय बंद पडतं ते माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

चार मशीन आहेत, चारही आय-थ्री चौथ्या जनरेशनच्या, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर चढत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणे आणि प्रोसेसर पण यादीत नाही. एका दुकानदाराने चार नवीन मशीनचं कोटेशन दिलंय, ते बघून खजिनदारांनी नुसतंच पंख्याकडे पाहिलं.

देवघेव एका लोकल गृहस्थांनी फार पूर्वी बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. त्यांनी तो धंदा केव्हाच सोडला, पासवर्ड त्यांनाही आठवत नाही, डेटा आत अडकलाय. त्याशिवाय आधीच्या ग्रंथपाल बाईंनी केलेली एक एक्सेल आहे, दाखल रजिस्टरवरून टाइप केलेली, अकरा हजार पुस्तकांची, पण ती जुन्या फॉन्टातली.

तर विंडोजच्या जागी लिनक्स (फुकट मिळणारी, खुल्या कोडची सिस्टीम) टाकावं का? ग्रंथालयासाठी फुकट सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? आणि अध्यक्षांचा प्रश्न जसाच्या तसा देतो: "फुकट का देतात? त्यांचा फायदा काय? आणि कोड सगळ्यांना दिसतो तर चोरालाही दिसणार ना?" मला उत्तर देता आलं नाही.

टर्मिनलवाला

टाका की, विचार कसला करताय. लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार), त्यातलं हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवालं. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री काही म्हातारा नाहीये, म्हातारी आहे ती हार्डडिस्क. आधी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा, मग त्याच मशीनचा वेग बघून तुम्हीच म्हणाल की नवीन कशाला हवं होतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत.

आता ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं. कोहा. डोळे झाकून कोहा. आणि अध्यक्षांना त्याची जन्मकथा सांगा, कारण ती जवळपास तुमचीच गोष्ट आहे. न्यूझीलंडमधे लेविन नावाचं छोटं गाव, तिथल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागलं की चालणार नव्हतं, वायटूके आठवतंय ना. नवीन विकत घ्यायचं तर परवडण्यासारखं नव्हतं, तर त्यांनी १९९९ मधे एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरतं बनवून घेतलं, ३ जानेवारी २००० ला सुरू केलं, आणि मग जीपीएल लायसन्सखाली जगासाठी खुलं करून टाकलं. का, तर पुढे ते सांभाळायचा भार एकट्या वाचनालयावर पडू नये, चार जणांनी वापरलं तर चार जण दुरुस्त पण करतील. आज जगभरातली ग्रंथालयं वापरतात, दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती येते.

कोहा हा माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा) शब्द आहे. पाहुण्याने यजमानाला द्यायची भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. म्हणजे आपला आहेर! अध्यक्षांना म्हणावं फुकट नाहीये हो, आहेर आहे, फक्त वही कोणी घेऊन बसत नाही. तुम्ही मराठी भाषांतरातल्या चार चुका दुरुस्त करून पाठवल्यात की तुमचा आहेर पोचला.

चोराचं म्हणाल तर चोराला दिसतो तसा पोलिसालाही दिसतो. २०२४ च्या मार्चमधे एक्सझेड नावाच्या एका बारक्या लायब्ररीत (पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडची) कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, त्याने कोड उघडून शोध घेतला. कोड बंद असता तर त्याने कुठे बघितलं असतं? गंमत म्हणजे तो मायक्रोसॉफ्टमधेच कामाला.

आणि एक, कोहा सर्व्हर मिंटवर नको, एका मशीनवर डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) टाका आणि त्यावर कोहा. बाकीच्या मशीनवर फक्त ब्राउझर लागतो.

कट्ट्यावरचा

वर टर्मिनलवाले साहेबांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि तरीही माझा सल्ला आहे की घाई करू नका.

आमच्या इथल्या एका संस्थेत असाच एक उत्साही मुलगा होता. पोरगं हुशार, मन लावून काम करायचं, आठ मशीनवर लिनक्स टाकलं, सगळं छान चाललं होतं, मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. चार महिन्यांनी प्रिंटर बंद. रूट (मशीनचा मुख्य) पासवर्ड कोणाला माहीत नाही. गावातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला मला हे येत नाही, फॉरमॅट मारून देतो, आणि त्याने खरंच मारून दिला, डेटासकट. आता मला सांगा यात दोष कोणाचा? लिनक्सचा नाही हे मलाही कळतं. पण नुकसान झालं ते झालंच ना.

रविवारकर, तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरची अडचण काय आहे बघा. ते पैशाचं होतं ही नाही. माणूस गेला आणि कुलूप राहिलं, ही आहे. उद्या तुमची बदली झाली तर कोहाचंही तेच होईल की नाही? कोड खुला आहे हो, पण तुमच्या गावात तो उघडून वाचणारं कोण आहे? ग्रंथपाल बाई एमएस-सीआयटी केलेल्या असतील, त्यात विंडोज आणि ऑफिस शिकवतात, त्यांना रोज संध्याकाळी काउंटरवर पाच माणसं उभी असताना काहीतरी अडलं तर त्या कोणाला फोन करणार? तुम्हाला. मग ऑफिसात तुम्ही तो घेणार का हे आधी ठरवा.

केरळात शाळाशाळांतून मुक्त सॉफ्टवेअर चालतं याचे गोडवे सगळे गातात. पण तिथे सरकारने आधी शिक्षकांना शिकवलं, मदतीला यंत्रणा उभी केली, ते कोणी सांगत नाही.

विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट मिळण्याची सोय आहे, पण संस्थेला ती लागू होते का ते अटी वाचून बघा, तो माझा प्रांत नाही.

नुक्ताचीनी

आधी एक सांगा, त्या चार मशीनवरचं विंडोज विकत घेतलेलं आहे का? कोपऱ्यात 'ॲक्टिवेट' असं पुसट दिसत असेल तर "फुकट का देतात" हा प्रश्न अध्यक्षांनी वीस वर्षं उशिरा विचारलाय :D

आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअर चालत नाही त्याचं खरं कारण हेच आहे, दुकानदार पाचशे रुपयात सगळं 'टाकून' देतो, फोटोशॉपसकट. फुकटाशी स्पर्धा एकवेळ जमेल, चोरीच्या मालाशी कशी करणार.

जुनी_टंकलेखिका

सगळे लिनक्स का विंडोज यावर बोलतायत, त्या एक्सेलबद्दल कोणीच बोलत नाहीये. खरं काम तिथे आहे. मी बावीस वर्षं डीटीपी केलंय आणि आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे म्हणून सांगते.

जुन्या फॉन्टातली फाइल म्हणजे आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. आणि प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळ्या खणात. त्यामुळे आधी फॉन्ट नेमका कुठला ते बघा, मग त्याचाच कन्व्हर्टर शोधा, ऑनलाइन बरेच फुकट मिळतात. पण पूर्ण शीट एकदम त्यात टाकू नका!! दाखल क्रमांक, किंमत, साल, इंग्रजी पुस्तकांची नावं हे कॉलम बाजूला काढा, नाहीतर त्यांचंही 'मराठीकरण' होतं आणि मग ४५ रुपयांच्या जागी काय येईल सांगता येत नाही. मी एकदा तीन हजार नोंदी अशा बिघडवल्यात.

युनिकोडमधे (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत) आल्यावर पण सुटका नाही. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि दुसरा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्चला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. कन्व्हर्टर एक प्रकार देतो, कीबोर्ड दुसरा, की वाचक म्हणतो पुस्तक नाही आणि पुस्तक समोरच्या कपाटात. 'ॲ' चं पण तसंच, स्वतंत्र अक्षर युनिकोडमधे २००८ ला आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन भागवायचे, अजूनही देतात. म्हणून आधी ठरवा कुठला प्रकार ठेवायचा आणि फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच करा. लिब्रेऑफिस कॅल्कमधे आरामात होतं.

कोहामधे मराठी शोध नीट चालायला झेब्रा (कोहाचं शोधायचं इंजिन) इंडेक्सिंग आयसीयू (युनिकोड अक्षरं नीट ओळखणाऱ्या) पद्धतीवर ठेवायचं असतं, इन्स्टॉल करतानाच, टर्मिनलवाले बघतील ते. नाहीतर मराठी शब्द शोधात धड सापडत नाहीत. एक्सेलमधून मार्क (ग्रंथालयाच्या नोंदींचा ठरलेला साचा) फॉरमॅट करायला मार्कएडिट वापरा. ते फुकट आहे पण मुक्त नाही, कोड बंद आहे. अध्यक्षांना फरक समजवायला चांगलं उदाहरण आहे, इंग्रजीत दोन्हीला फ्री म्हणतात म्हणून त्यांचा गोंधळ, आपल्याकडे दोन शब्द आहेत तर वापरूया.

टायपिंगसाठी बाईंना कुठला कीबोर्ड येतो ते विचारा आणि तोच द्या. इन्स्क्रिप्ट (सरकारी मानक कीबोर्ड) येत असेल तर लिनक्समधे आहेच, इंग्रजी स्पेलिंगने लिहायची सवय असेल तर आयबस एमसेव्हन्टीनएन (लिनक्समधलं टायपिंगचं साधन) मधला फोनेटिक घ्या. आणि पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या छापताना लिब्रेऑफिसमधे भाषा हिंदी नको, मराठी निवडा, फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपले येतात, हिंदीतले नाही.

टर्मिनलवाला

दंडवत टंकलेखिकाताई. आयसीयूचं माझ्या लक्षातच आलं नसतं.

@कट्ट्यावरचा, पासवर्ड लिहून न ठेवणं हा मुलाचा दोष, बाकी तुमचं पटलं असं म्हणवत नाही पण उत्तरही नाही. फक्त एक फरक सांगतो, कोहाचा डेटा कोणाच्या बापाचा नसतो, मार्कमधे आणि साध्या डेटाबेसमधे असतो, उद्या कोहा नकोसा झाला तरी उचलून दुसरीकडे नेता येतो. कुलूप राहिलं तरी भिंत नाहीये. हां, आणि कोहा रोज रात्री आपणहून बॅकअप घेतो पण त्याच डिस्कवर, तो पेनड्राइव्हवर काढायला विसरू नका.

रविवारकर

उशिरा लिहितोय, मधे तीन वेळा गावाला जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, काय केलं ते सांगतो.

चारांपैकी दोन मशीनवर एसएसडी आणि मिंट. एकावर डेबियन आणि कोहा, ते टर्मिनलवाल्यांनी दोन रविवार फोनवर बसून करून दिलं (आहेर पोचला साहेब). चौथ्यावर विंडोजच ठेवलंय, कारण आमचा छोटा लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देईना, दोन रात्री घालवल्या आणि मग लाज सोडली. त्या मशीनचं इंटरनेट काढून टाकलंय, नुसतं छापायला.

जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा शेवटपर्यंत निघाला नाही. कोणाकडे कुठलं पुस्तक आहे हे कळायला दारावर पाटी लावली की सभासदांनी आपणहून येऊन सांगावं. एक आजोबा २०१३ पासूनची चार पुस्तकं घेऊन आले, त्यांचा दंड अध्यक्षांनी माफ केला.

एक्सेल अजून चालू आहे. अकरा हजारांपैकी चार हजार झाल्यात. कॉलम वेगळे काढले होते तरी प्रकाशकांच्या नावात घोळ झालाच.

कट्ट्यावरचे, तुमचं वाचून एक काम सगळ्यात आधी केलं. सगळे पासवर्ड आणि 'अडलं तर काय करायचं' हे मराठीत हाताने लिहून दाखल रजिस्टरच्या कपाटात ठेवलं, चावी बाईंकडे आणि चिटणीसांकडे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिसचे धडे मराठीत आहेत, बाईंनी दुपारी गर्दी नसताना बघायला सुरुवात केलीय. गेल्या शनिवारी त्यांनी मला फोन केला, मी घाबरलोच, तर म्हणाल्या काही बिघडलं नाहीये हो, 'ऱ्य' कीबोर्डवर कुठाय तेवढं सांगा.

मला माहीत नव्हतं. ताई, इन्स्क्रिप्टवर कुठे असतो?

जुनी_टंकलेखिका

शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. बाईंना माझा नमस्कार सांगा.