प्रतिसाद: ब्रेकच्या गणितात ४५ मीटर का चुकतं?

वर विचारलेलं गणित: त्र्यंबक रोडवर ताशी ५४ किमी वेगाची बस ब्रेक लावल्यावर ३ सेकंदांत थांबते, अंतर किती? ४५ मीटर हे उत्तर १५ × ३ करून आलंय. पण १५ मी/से (म्हणजेच ताशी ५४ किमी) हा वेग फक्त पहिल्या क्षणी आहे, पुढे तो सतत घटतोय!

आधी एकक बदला: ५४ × ५/१८ = १५ मी/से. शेवटचा वेग शून्य, म्हणून त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, (० − १५)/३ = −५ मी/से². हे ऋण चिन्ह मुलं हमखास विसरतात, मग उत्तर ६७.५ येतं. बरोबर मांडणी (अंतर = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²): १५ × ३ − ½ × ५ × ९ = २२.५ मीटर.

पडताळा घ्याच: सरासरी वेग ७.५, गुणिले ३, तेच उत्तर. ब्रेक तेवढाच ठेवून वेग दुप्पट केला तर अंतर ९० मीटर, चौपट.