एकटीने समुद्र-शर्यती : करिअर म्हणून कुठून सुरुवात करावी?

कोथरूडची_मावशी
नमस्कार मंडळी. भाची १९ वर्षांची, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी शिडाची होडी) चालवायची, आता लेझर या एकट्याच्या होडीवर असते. व्हाँदे ग्लोब ही एकट्याने न थांबता पृथ्वी फिरायची शर्यत पाहिल्यापासून डोक्यात एकच: एकटीने महासागरात शर्यती करायच्या आणि त्यावरच पोट भरायचं. ‘नाद सोड म्हणावं’ हे घरातले सगळे सांगून थकलेत, तेव्हा ते वगळून सल्ला द्या. नेव्ही की परदेश?

सरखेल
नेव्ही! शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वी फिरून आलेले दिलीप दोंदे, अभिलाष टॉमी, तारिणी बोटीवरच्या मुली, सगळे तिथलेच. पगार चालू, समुद्रही चालू.

लोरियाँवाला
सरखेल, मार्ग उत्तम आहे, पण ती शिडं वेगळी. सागर परिक्रमा, म्हणजे नौदलाची पृथ्वीप्रदक्षिणा, ही मोहीम. तिथे बोट, वेळ आणि वाट नौदल ठरवतं. मुलीला शर्यत हवीय. टॉमींनी २०१८ची गोल्डन ग्लोब ही पृथ्वी फिरायची शर्यत नौदलात असतानाच केली, डोलकाठी मोडून पाठ जायबंदी झाली. पण २०२२च्या शर्यतीत दुसरे आले ते नौदल सोडल्यावर, प्रायोजक शोधून.

मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बोटींच्या कामात आहे, म्हणून इथलं सांगतो. या धंद्याची पेठ फ्रान्समध्येच आहे. इथल्या लोरियाँ बंदरातल्या जुन्या जर्मन पाणबुडी तळावर निम्म्या टीम बसलेल्या दिसतील. पायऱ्या साधारण ठरलेल्या: साडेसहा मीटरची मिनी बोट, मग त्याहून मोठी फिगारो, मग जमलं तर ६० फुटी इमोका आणि व्हाँदे ग्लोब. पायरी गाळणारेही असतात, पण त्यांच्या गाठीला पैसा किंवा नाव असतं. फ्रेंच खलाशी शार्ली दालाँने साउदॅम्प्टनला नौका-रचना शिकून फिगारोत वर्षानुवर्षं घासली. २०२१ला व्हाँदे ग्लोबमध्ये सर्वात आधी किनाऱ्याला लागला तोच, पण पहिला नंबर यानिक बेस्ताव्हेनचा. बुडालेल्या बोटीवरच्या स्पर्धकाला शोधायला वाट सोडली म्हणून बेस्ताव्हेनला १० तास १५ मिनिटं सूट मिळाली होती. दालाँने पुढच्या खेपेला ६४ दिवसांत शर्यत मारली, तेव्हा चाळिशीचा होता. एवढा दम धरायची तयारी आहे का, हे तिला विचारा.

मिनीचं म्हणाल तर मिनी ट्रान्सॅट या अटलांटिक पार करायच्या शर्यतीला उतरण्याआधी १००० सागरी मैल एकटीने न थांबता करून दाखवावे लागतात. समुद्रात फोन नाही, घरून हवामान सांगणारा कुणी नाही, रेडिओवर ऐकायचं आणि आपलं आपण ठरवायचं. वारा दुसऱ्या बाजूने घेतला की पाण्याचे कॅन, शिडांच्या पिशव्या, जेवण, अवजारं, सगळं ओढून वाऱ्याकडच्या अंगाला रचायचं. रात्री दोनला, ओल्या कपड्यात, वाकून. आत उभं राहण्याइतकी उंचीच नसते. हे करून पुन्हा वीस मिनिटांच्या डुलक्यांवर दिवस काढायचे. लेझर चांगली चालवणारे पुष्कळ इथेच गळतात.

कोथरूडची_मावशी
बापरे. आणि पैसे?

लोरियाँवाला
मावशी, खरी मेख तिथेच आहे. बक्षिसाच्या रकमेवर कुणी जगत नाही. बोटीला नावच प्रायोजकाचं असतं: माकिफ ही विमा कंपनी, बांक पोप्युलेअर ही बँक. नवी इमोका काही दशलक्ष युरोंची. जुनी मिनी लाखो रुपयांत येते, तीही बरेच जण दोघांत घेतात किंवा भाड्याने. सुरुवातीची वर्षं लोक दुसऱ्यांच्या बोटी तयार करून, पोचवून देऊन काढतात. तेव्हा शीड शिवणं, फायबर दुरुस्त करणं, ऑटोपायलटची वायरिंग, यातलं जे येईल ते भाकरी देईल. आणि फ्रेंच. प्रायोजकासमोर बसून दहा मिनिटं नीट बोलता आलं पाहिजे. माझ्या मते तिने आजपासून शीड कमी आणि फ्रेंच जास्त करावं.

कुलाबा_बंदर
शीड कमी कशाला! रविवार समुद्रातच जाऊ द्या हो पोरीचा. बाकी सहमत. ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, त्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ला ३१२ दिवसांत एकटा पृथ्वी फिरून आला, न थांबता. म्हणजे आपल्याकडे बोट बांधणारे होते आणि आहेत. नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या दोन्ही बोटी गोव्यात बांधलेल्या. सुट्टीत अशा यार्डात हात काळे करता आले तर बघा. फायबरच्या बोटीला लावतात त्या रेझिनचा वास सहन झाला तर अर्धी लढाई जिंकली.

कोथरूडची_मावशी
हे पटतंय. पण डिग्री सोडायचं म्हणतेय, त्याचं काय करू?

लोरियाँवाला
सोडू देऊ नका. घरच्यांसाठी नव्हे, व्हिसासाठी. युरोपच्या शेंगेन पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेवढ्यात मिनीचं काही होत नाही. विद्यार्थी म्हणून आली तर राहता येईल आणि शनिवार-रविवारी बंदरावर क्रू म्हणून फुकट राबता येईल. इथल्या नांत शहरात सागरी अभियांत्रिकीचा मास्टर्स इंग्रजीतून आहे. तिथून किनारा जवळ, लोरियाँही गाडीने दोनेक तासांवर. मेकॅनिकलवाल्यांना घेतात. प्रवेशाच्या तारखा आत्ताच बघून ठेवा, आणि ती आली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बंदरावर दोन-चार लोकांशी गाठ घालून देतो.

सरखेल
नेव्हीचा फॉर्मपण भरून ठेवा म्हणावं.