मदत हवी आहे: ग्रॅममध्ये दिलेले चीज कपाने कसे मोजावे?

नमस्कार. माझ्याकडे वजनकाटा नाही. २५० मिलीचा कप आणि मापाचे चमचे एवढ्यावरच सगळे मोजमाप चालते. पीठ आणि साखर यांची ग्रॅमवरून कपात येणारी कोष्टके मला आजवर पुरली, पण चीजच्या बाबतीत माझा हिशेब दोनदा चुकला आहे, म्हणून सविस्तर विचारते.

मॅकरोनीच्या सॉससाठी पाककृतीत २२५ ग्रॅम चेडर आणि ५० ग्रॅम पार्मेजान सांगितले आहे. २२५ ग्रॅम म्हणजे दोन कप किसलेले चेडर, असे एका कोष्टकात वाचले होते. पहिल्या वेळी मी चेडर बारीक किसून कपात दाबून भरले, तर सॉस गोळ्यासारखा घट्ट झाला आणि वर तूप सुटल्यासारखा तवंग आला. दुसऱ्या वेळी जाड किसून सैल भरले, तेव्हा सॉस बरा जमला, पण पार्मेजानही तसेच मोजल्यामुळे चव फिकी राहिली. शेवटी शंका फिटावी म्हणून जाड किसलेल्या चेडरने कप काठोकाठ भरला आणि तोच कीस बोटांनी दाबून पाहिला, तर तो अर्ध्याच्या थोडा वर येऊन बसला. मग कोष्टकातला कप सैल धरायचा की दाबलेला? आणि पार्मेजानला तेच प्रमाण लागू होते का?

प्रतिसाद:

आपण कीस दाबून पाहिलात, त्यातच बरेचसे उत्तर आहे. कोष्टकातला कप जाड किसलेल्या आणि न दाबलेल्या चेडरचा असतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीचा असून त्यात असा कीस साधारण ११३ ग्रॅम मावतो. आपल्या २५० मिलीच्या कपात तो १२० ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे २२५ ग्रॅमसाठी दोन कपांना किंचित कमी घ्यावे. हेच चेडर अखंड असते तर त्याच कपात २७० ग्रॅमच्या आसपास बसले असते, त्यामुळे दाबून भरलेल्या दोन कपांत चीज फारच जास्त गेले असणार.

पार्मेजानला वेगळा हिशेब लावावा. बारीक दाणेदार किसले तर कपात सुमारे १०० ग्रॅम, म्हणून आपल्याला अर्धा कप पुरेल. मात्र अतिबारीक धारेच्या किसणीवर त्याचा कापसासारखा हलका कीस पडतो आणि तेवढ्याच वजनाला जवळजवळ दुप्पट जागा लागते. क्रीम चीजमध्ये हवेला वाव नसल्याने त्याचे २२५ ते २४० ग्रॅम म्हणजे एक कप, हे माप सहसा चुकत नाही.

तरीही माझा आग्रह असा की, पाककृती वजनात असेल तर किसण्याआधीच मोजावे. पाकिटावर वजन छापलेले असते. २०० ग्रॅमच्या ठोकळ्याचे सुरीने आठ सारखे भाग केले की प्रत्येक भाग २५ ग्रॅमचा, आणि असे नऊ भाग म्हणजे आपले २२५ ग्रॅम. सुट्या तुकड्याचे वजन माहीत नसेल, तर तो प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून खुणांच्या मापपात्रातल्या पाण्यात पूर्ण बुडवावा. पाणी १०० मिलीने वर चढले, तर चेडर सुमारे ११० ग्रॅम आहे असे धरावे.