जिवाणूंच्या कॉर्नियल अल्सरमध्ये स्टेरॉइडचे थेंब द्यावेत का?

धागा
प्रतिजैविकाने जंतू मरतात, पण दाह बुबुळाचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पोखरत राहतो आणि मागे फूल, म्हणजे पांढरा डाग, उरतं. ते टाळायला दाह कमी करणारं स्टेरॉइड जोडून बघितलं ते 'स्कट' (स्टेरॉइड्स फॉर कॉर्नियल अल्सर्स ट्रायल) चाचणीत: ५०० रुग्ण, बहुतेक तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतले, २००६ ते २०१०. आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५% हे प्रतिजैविक. ते चालू ठेवून निम्म्यांना प्रेडनिसोलोन १% हे स्टेरॉइड, पहिला आठवडा दिवसातून ४ वेळा, दुसरा २, तिसरा १. बाकीच्यांना बिनऔषधी थेंब. तीन महिन्यांनी चष्म्यासह नजर तपासली, तर सरासरी फरक जवळपास शून्य. सरसकट स्टेरॉइड लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १
सहमत नाही. सरासरीत कडेचे छोटे अल्सरही मोजले जातात. त्यांची नजर तशीही सुधारते. ज्यांना सुरुवातीला जेमतेम बोटं मोजता येत होती, त्यांना स्टेरॉइडने तक्त्यावरच्या दीड-पावणेदोन ओळींचा फायदा झाला. बाहुलीसमोरच्या मध्यभागी असलेल्या अल्सरांतही तसंच. शिवाय बुबुळाला भोक पडण्याचं प्रमाण स्टेरॉइडने वाढलं नाही. अशा रुग्णाला ते नाकारणं मला पटत नाही.

प्रतिसाद २
ते उपगटाचे आकडे आहेत, मुख्य प्रश्नाचं उत्तर नव्हे. आणि चाचणीत फक्त कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून) जिवाणू सापडलेले रुग्ण होते. बुरशी आणि हर्पिस विषाणूचे रुग्ण वगळलेले. आपल्याकडे शेतात डोळ्याला पात लागली की बुरशीचा अल्सर नेहमीचा, त्यात स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. आधी अल्सरची खरवड घेऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली बघा: बुरशीसाठी १०% केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), जिवाणूंसाठी ग्रॅम स्टेन हा रंग; मग कल्चर. नोकार्डिया तर जिवाणूच, पण त्यात स्टेरॉइडने फूल मोठं झालं. अल्सरच्या कडेने माळेसारखे पांढरे ठिपके दिसले तर नोकार्डिया ओळखायला १% सल्फ्युरिक ॲसिड वापरून ॲसिड-फास्ट स्टेन करा.

प्रतिसाद १
नोकार्डियाचं मान्य, तिथे नकोच. पण तो गट बाजूला काढल्यावर वर्षभरानंतरच्या नजरेत स्टेरॉइडचा फायदा दिसला. लवकर, म्हणजे प्रतिजैविकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू केलेल्यांना जास्त. कल्चर हाती येईपर्यंत आठवडा घालवला तर ती संधी जाते.

धागाकर्ता
मग स्मिअर (काचेवर पसरलेली खरवड) त्याच दिवशी बघा, ४८ तासांनी अल्सर आटोक्यात येतोय का ते मोजा, येत असेल तरच स्टेरॉइड जोडा. आणि मेडिकलमधून मिळणारे प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब पहिल्या दिवशी अजिबात नकोत. त्यात स्टेरॉइड मागे ठेवताच येत नाही.

प्रतिसाद १
याला पूर्ण अनुमोदन.