उत्तर: जिम नसेल तर हृदयाला उपयोग नाही?

जिम लावल्याशिवाय हृदयाला उपयोग नाही, असं वर एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर-संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावरून सतत खालीवर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा. आता यात एक मेख आहे, तीही मॉरिस यांनीच पुढे गणवेशाच्या नोंदी चाळून काढली. अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही पँटी कमरेला कंडक्टरांपेक्षा मोठ्या मापाच्या होत्या! म्हणजे ड्रायव्हर मुळातच जाड असावेत, तेव्हा सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी रोजच्या चालण्याचा फायदा नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलाच. फक्त चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल तर जिने राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.