अनुभव धागा: फौजीच्या घरातल्या बाया

नवरा फौजेत असलेल्या, मुलगा धाडलेल्या सगळ्यांनी लिहा. अभिमान आहेच, तो धरून चालू. मला रोजचं हवंय.

सुरुवात मीच करते. १९ वर्षांत ९ घरं. पठाणकोटच्या क्वार्टरच्या खिडक्या उंच, तेजपूरच्या बुटक्या, म्हणून मी पडदे शिवतानाच खाली वीतभर दुमड ठेवते. बदली झाली की उसवायची, नाहीतर अजून आत घ्यायची. आमच्या निळ्या पडद्यावर जुन्या टाक्यांच्या तीन रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेखालचं कापड थोडं जास्त निळं. दोन काळ्या ट्रंका जोडून वर गादी टाकली की दिवाण तयार. पाहुण्यांना कळत नाही. कडी टोचली की कळतं.

---

मी खटाव तालुक्यातली. १९९९ला कारगिलच्या लढाईत आमचे हे द्रासला होते. घरात फोन नाही, टीव्ही शेजाऱ्यांचा. टायगर हिल घेतल्याची बातमी ४ जुलैला ऐकली. यांचं पत्र पडलं ९ तारखेला, ५६ एपीओचा, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा शिक्का, आत तारीख २७ जून. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' म्हणजे खुशाली बारा दिवसांची शिळी! त्या बारा दिवसांत काय काय झालं असेल, ते कोणाला विचारणार? पोस्टमनची सायकल दिसली की सासूबाई आत निघून जायच्या. तार असली तर आपल्या हातानं घ्यायला नको म्हणून. ते ऑक्टोबरात सुट्टीवर आले, आणि आल्या आल्या मायलेकांची भांडणं झाली, म्हशीवरून.

---

थोडं रुक्ष लिहिते, पण उपयोगाचं आहे. लग्न झालं, मूल झालं की त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला नोंद केल्याचा कागद, निघाला का, नवऱ्याला विचारा. नुसतं 'हो' ऐकून गप्प बसू नका, कागद बघा. माझं नाव रेकॉर्डला एका स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या. हे गेल्यावर फॅमिली पेन्शन त्या एका अक्षरापायी चौदा महिने अडलं. एक कार्यालय दुसरीकडे धाडायचं, दुसरं पहिल्याकडे. जन्मतारीख आणि जॉइंट खातंही आत्ताच तपासा.

---

वर्षाला ६० दिवस रजा. त्यात पेरणी, भावकीची लग्नं, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलणं. जाताना वाईट वाटतं, पण डबे मी त्याच संध्याकाळी परत लावते.

---

माझा मुलगा अग्निवीर. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच कायम होणार, त्यामुळे स्थळाचं कोणी बोललं की पहिला प्रश्न तोच, 'राहणार का?' मला तरी कुठं माहीत आहे!

बेळगावला कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात त्या परेडला, गेलो होतो. सगळ्यांचे केस सारखे, चाल सारखी, माझा कुठला तेच ओळखेना. नंतर तोच समोर येऊन उभा राहिला. मी बेसनाचे लाडू नेले होते, त्यानं डबा उघडून आधी शेजारच्यापुढं धरला. घरी बहिणीला कधी अर्धा दिला नव्हता.

आता सुट्टीवर आला की पहाटे चारला उठतो. अठरा वर्षं याला तोंडावर पाणी मारून उठवलं मी. चहा ठेवायच्या आधी अंगण झाडतो. मला जाग आलेली असते, पण उठत नाही. पडल्या पडल्या केरसुणीचा आवाज ऐकते.